एका लहरीवर दोन निरोप

१८७४ मध्ये थॉमस एडिसनने तारायंत्राच्या एकाच तारेतून, एकाच वेळी आणि एकाच दिशेला दोन निरोप धाडण्याची सोय केली. पहिल्या तारवाल्याने कळ दाबली की प्रवाहाची दिशा उलटे, दुसऱ्याने दाबली की प्रवाहाचा जोर वाढे. पलीकडच्या टोकाला दोन रिले बसवलेले असत. एकाला फक्त दिशा कळे, दुसरा जोर वाढल्याशिवाय हलतच नसे. उलट दिशेने येणारे दोन निरोप धरले तर एका तारेवर चार निरोप मावू लागले, म्हणून यंत्राचं नाव पडलं क्वाड्रुप्लेक्स. वेस्टर्न युनियन कंपनीला त्यात रस होता तो नव्या तारा ओढण्याचा खर्च वाचतो म्हणून.

बिनतारी संदेशवहनात मात्र रीत पडली ती वाटणीची. प्रत्येक रेडिओ केंद्राला आपापली कंपनसंख्या, आणि पुढे डिजिटल मोबाइल आल्यावर प्रत्येक बोलणाऱ्याला आपापला वेळ. जीएसएम या मोबाइल पद्धतीत २०० किलोहर्ट्झच्या एका पट्ट्यावर वेळेचे ८ तुकडे पाडून ते आळीपाळीने दिले जात. कुणी कुणाच्या हद्दीत शिरायचं नाही, हा साऱ्या व्यवस्थेचा पाया. या वाटणीत केवढी उधळपट्टी आहे, हे जीएसएमच्या बऱ्याच आधी स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या थॉमस कव्हर यांनी १९७२ च्या जानेवारीत ‘ब्रॉडकास्ट चॅनल्स’ या निबंधात दाखवून दिलं. निरोप एकावर एक चढवण्याच्या रीतीचा, म्हणजे सुपरपोझिशन कोडिंगचा, जन्म या निबंधातला.

गोंगाटातून जास्तीत जास्त किती माहिती बिनचूक पोचवता येते, याचं सूत्र क्लॉड शॅननने १९४८ मध्येच मांडलं होतं. पण त्यात बोलणारा एक आणि ऐकणारा एक. कव्हर यांनी ऐकणारे दोन घेतले: एक केंद्राजवळचा, एक लांबचा. समजा, जवळच्याकडे पोचणाऱ्या लहरीची ताकद गोंगाटाच्या १०० पट आहे, लांबच्याकडे जेमतेम गोंगाटाइतकी. शॅननच्या सूत्राने दर सेकंदाला, दर हर्ट्झमागे जवळच्याची कमाल ६.६६ बिट आणि लांबच्याची १ बिट. वेळ निम्मा-निम्मा वाटला तर पदरात पडतात ३.३३ आणि ०.५.

आता वेळ वाटूच नका. दोन्ही निरोप एकावर एक चढवून सगळा वेळ पाठवा. केंद्राच्या ताकदीतला सुमारे ५९ टक्के वाटा लांबच्याच्या निरोपाला द्या, उरलेला ४१ टक्के जवळच्याच्या निरोपाला. लांबच्याच्या लेखी जवळच्याचा निरोप म्हणजे गोंगाटात आणखी थोडी भर. ती सोसूनही त्याचे ०.५ बिट शाबूत राहतात. जवळचा आधी लांबच्याचा निरोप उलगडतो. लांबच्याला जो कळतो, तो त्याला कळणारच. मग तो निरोप हाती आलेल्या लहरीतून वजा करतो, आणि मागे राहतो त्याचा स्वतःचा निरोप: ५.४१ बिट. लांबच्याचं काहीही न घटता जवळच्याचा वाटा दीडपटीहून जास्त झाला.

हा नफा येतो श्रोत्यांमधल्या विषमतेतून. वेळेच्या वाटणीत लांबच्याची पाळी आली की जवळच्याचा तल्लख कान रिकामा बसतो; नव्या रीतीत तो सतत कामाला लागतो. दोघे सारख्याच अंतरावर असतील तर हेच गणित वाटणीपेक्षा कणभरही जास्त देत नाही. कव्हर यांचे शिष्य पॅट्रिक बर्गमन्स यांनी १९७४ मध्ये सिद्ध केलं, की नैसर्गिक गोंगाटाच्या अशा मार्गावर याहून चांगली रीत असूच शकत नाही. श्रोत्यांची अशी चढती भाजणी लावता येत नसेल, तर मात्र सर्वसाधारण प्रश्न आजही सुटलेला नाही.

या कुळाची दुसरी पातीही त्याच सुमाराची: बोलणारे अनेक, ऐकणारा एक. तिचं गणित रुडॉल्फ आल्सवेडे यांनी १९७१ मध्ये आणि हवाई विद्यापीठात हेन्री लिआओ यांनी १९७२ मध्ये मांडलं. त्याच विद्यापीठाच्या अलोहा या बिनतारी संगणक-जाळ्यात मात्र दोन संगणकांचे निरोप एकमेकांवर आदळले की दोन्ही टाकून देऊन पुन्हा पाठवावे लागत.

कागदावरची वजाबाकी यंत्रात उतरायला मात्र वेळ लागला. दुसऱ्याचा निरोप आधी बिनचूक सोडवायचा, त्यावरून त्याची लहर पुन्हा घडवायची आणि मग ती वजा करायची. पहिल्या पायरीवर चूक झाली की पुढचं सगळं बिघडतं. युरोपच्या डीव्हीबी-टी या डिजिटल दूरचित्रवाणी मानकात १९९७ मध्ये या कल्पनेचं सोपं रूप आलं. लहरीच्या १६ संभाव्य अवस्था चार-चारच्या चार पुंजक्यांत मांडलेल्या. दुबळ्या अँटेनाला पुंजका कोणता एवढंच कळतं आणि २ बिट मिळतात, चांगल्या अँटेनाला पुंजक्यातला बिंदूही दिसतो आणि ४ मिळतात. अमेरिकेच्या एटीएससी ३.० मानकात तर वजाबाकीसकट दोन पूर्ण थर आले.

मोबाइलमध्ये २०१३ साली जपानच्या एनटीटी डोकोमोच्या संशोधकांनी ‘नोमा’ या नावाने हीच कल्पना पुढे आणली. ४जीच्या एलटीई मानकाच्या चौदाव्या आवृत्तीत तिचा एक प्रकार शिरला; ५जीसाठी झालेला अभ्यास मात्र २०१८ अखेरीस मानकात न उतरता संपला. मोबाइलच्या मनोऱ्याकडे दुसरा पर्याय असतो: कोण कुठे आहे ते त्याला ठाऊक असतं, आणि अनेक अँटेनांच्या जोरावर तो प्रत्येकाच्या दिशेने वेगळा झोत सोडू शकतो. दूरचित्रवाणीच्या मनोऱ्याला श्रोते ओळखता येत नाहीत आणि निवडताही येत नाहीत. ज्याला सगळ्यांशी एकदम बोलणं भाग आहे, त्याच्याच घरी ही युक्ती खऱ्या अर्थाने नांदली.