अनुच्चारित गृहीत आणि एक जन्मतिथि

देवदत्त दिवसा जेवत नाही, तरीही तो लठ्ठ आहे. अर्थात् तो रात्री जेवत असला पाहिजे. मीमांसकांच्या अर्थापत्तीचे हे उदाहरण शतकानुशतके शिकविले जात आहे. न जेवता कोणी लठ्ठ राहत नाही, हे वाक्य मात्र त्यांत कोणी उच्चारीत नाही. आणि सारा भार असतो तो त्याच्यावरच. हल्लीच्या स्पर्धापरीक्षांतून असे अनुच्चारित गृहीत हुडकावयास सांगतात. इतिहासाच्या अभ्यासकाला ही परीक्षा रोजचीच.

शिवछत्रपतींच्या जन्मतिथीचा वाद घ्या. शके १५४९, वैशाख शुद्ध २, म्हणजे इ. स. १६२७, ही तिथि चिटणिसांसारख्या उत्तरकालीन बखरकारांमुळे रूढ झाली होती. १९१६ साली लोकमान्य टिळकांनी जेधे शकावली प्रसिद्ध केली. तीत शके १५५१, फाल्गुन वद्य ३ असे निघाले. पुढे १९२७ साली दिवेकरांनी छापलेल्या परमानंदाच्या ‘शिवभारता’तही हीच तिथि आढळली, राजस्थानांत मिळालेल्या एका कुंडलीनेही तिला दुजोरा दिला.

जुन्या पक्षाचे म्हणणे असे की, बखरी अनेक, सबब तिथि खरी. येथे प्रत्येक बखरकार स्वतंत्र साक्षीदार आहे असे मुकाट्याने धरले आहे. हे गृहीत उलटून पाहावे. एकाने दुसऱ्याचे उतरून घेतले असेल, तर दहा साक्षी मिळून एकच साक्ष उरते! परंतु हाच निकष नव्या पक्षालाही लावला पाहिजे. नाहीतर तो न्याय कसला? ‘शिवभारत’ हे राजाश्रयाने रचलेले संस्कृत काव्य. शकावली ही कारीच्या देशमुख घराण्यांतील टांचणे. कुंडली तर दूरच्या प्रांतांतली. या तिघांनी एकमेकांपासून उसने घेतले असण्याचा संभव आम्हांस फार थोडा दिसतो.

समकालीन लेखकास सत्य ठाऊक असते, हेही गृहीतच आहे, आणि ते सर्वत्र टिकत नाही. दरबारी कवि रणांत पडलेल्या शत्रूंचा आकडा खुशाल फुगवील. पण आपल्या धन्याची जन्मतिथि बदलून त्याच्या पदरी काय पडणार?

आता १९ फेब्रुवारी १६३० ही इंग्रजी तारीख सर्वतोमुखी झाली आहे. ती जूलियन गणनेची. ग्रेगोरियन गणनेने तोच शुक्रवार १ मार्च ठरतो. तारीख सांगणारा गणना सांगत नाही, आणि ऐकणाराही ती विचारीत नाही.