होन, पुतळी आणि नक्कल

नेरूळच्या एका शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या बाई गेल्या पावसाळ्यात दोन नाणी रुमालात बांधून माझ्याकडे घेऊन आल्या. एक होता शिवराई होन. सहलीला रायगडावर गेलेल्या एका मुलाने तो पायथ्याच्या दुकानातून घेतला होता. दुसरी होती पुतळी, वर्गातल्या एका मुलीच्या आजीच्या माळेतून सुटलेली. होन खरा असावा अशी मुलाची पक्की समजूत होती. पुतळी मात्र ‘नकली’ ठरवून एका खरेदीदाराने तिचा अगदी किरकोळ भाव सांगितला होता, आणि घरच्यांना ती मुलीच्या कॉलेजच्या फीसाठी विकायची होती. यातले खरे कोणते, असा बाईंचा साधा प्रश्न होता.

आर्किमिडीजची गोष्ट आपण दरवर्षी शिकवतो, ती इथे कामाला आली. होन हवेत ४.६२ ग्रॅम भरला. दोऱ्याने टांगून पाण्यात बुडवला तेव्हा त्याचे वजन ०.५४ ग्रॅमने घटले. भागाकार केला की घनता ८.६ च्या आसपास येते, म्हणजे पितळ. सोन्याची घनता १९.३ असते. पुतळी ३.४१ ग्रॅम भरली आणि पाण्यात ०.१९ ग्रॅमने घटली. घनता जवळजवळ १८. इथे मुलांना एक गोष्ट जरूर दाखवावी. ०.१९ मोजताना ०.०१ ची चूक झाली तरी उत्तर १७ ते १९ च्या दरम्यान कुठेही पडते. कॅरट सांगण्याइतके हे मोजमाप बारीक नाही. पण पितळ, तांबे, चांदी (१०.५) आणि शिसे (११.३) निश्चित बाद होतात. टंगस्टनची घनता सोन्याइतकीच असते आणि हल्ली लबाडीत तो वापरलाही जातो, पण आजीच्या माळेत तो असण्याचा संभव नाही.

म्हणजे पुतळी सोन्याची. तरीही खरेदीदार एका अर्थी खोटे बोलत नव्हता. ती नक्कलच होती, पण कशाची?

व्हेनिसच्या टाकसाळीत १२८४ साली डुकाट हे सोन्याचे नाणे पाडायला सुरुवात झाली. वजन साडेतीन ग्रॅम, सोने जवळजवळ शुद्ध. एका बाजूस संत मार्कपुढे गुडघे टेकून ध्वज स्वीकारणारा व्हेनिसचा प्रमुख, दुसऱ्या बाजूस ताऱ्यांनी वेढलेला ख्रिस्त. १७९७ मध्ये ते प्रजासत्ताक संपेपर्यंत, म्हणजे पाचशेहून अधिक वर्षे, ना चित्र बदलले ना कस. मिरी-मसाल्यांच्या मोबदल्यात युरोपकडे द्यायला सोन्या-चांदीखेरीज फारसे काही नव्हते, त्यामुळे ही नाणी अलेक्झांड्रिया आणि तांबड्या समुद्राच्या मार्गाने आपल्या किनाऱ्यावर येत राहिली. लॅटिन वाचणारे इथे कोण होते? लोकांनी चित्र ओळखीचे करून घेतले. आपल्याकडे ती पुतळी झाली. केरळात ध्वजाच्या काठीला ताडाचे झाड समजून माडी काढणाऱ्याच्या नावाने ‘शाणार काशू’ झाली. सभासदाच्या बखरीत महाराजांच्या खजिन्यातील नाण्यांची यादी आहे, तिच्यात शिवराई होनाबरोबर पुतळ्याही आहेत.

पुढे इथल्या सोनारांनी तोच ठसा उतरवून माळेसाठी पुतळ्या घडवल्या. बाईंनी आणलेली त्यांपैकीच. भिंगातून पाहिले तर अस्सल डुकाटवर लॅटिन अक्षरे सुटी वाचता येतात. हिच्यावर अक्षरांच्या जागी नुसत्या उभ्या रेघा आहेत. कारागिराने अक्षर न समजता चित्र म्हणून उतरवले होते. याला फसवणूक म्हणणे मला पटत नाही, कारण सोने पुरेपूर घातलेले आहे. अशा नकलांची परंपरा आपल्याकडे फार जुनी. धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला रोमन नाण्यांच्या मातीच्या प्रतिकृती सापडल्या आहेत, त्याही गळ्यात घालण्याजोग्या. त्या मातीच्या आहेत हे घालणाऱ्याला ठाऊक असणारच.

आता होन. राज्याभिषेक ६ जून १६७४ चा. होनाच्या एका बाजूस ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूस ‘छत्रपति’. मूळ होन वजनाने पावणेतीन ग्रॅमच्या आसपास आणि आकाराने अंगठ्याच्या नखाएवढा. मुलाचा ‘होन’ हलक्या धातूचा असूनही त्याहून जड, म्हणजे मापातच चुकलेला. राज्याभिषेकाच्या वेळी रायगडावर आलेल्या हेन्री ऑक्झिंडेनने इंग्रजांचे नाणे स्वराज्यात चालावे असे कलम मागितले होते. महाराजांचे म्हणणे असे की, नाणे कसाला आणि वजनाला उतरले तर त्याला मनाई नाही, कलमाची गरज काय? होनाची प्रतिकृती विकत घेणाऱ्या प्रत्येकाने तराजूसमोर हेच म्हणावे.

शाळेतल्या आणखी चार मुलांकडे तसलेच होन निघाले. शेजारी शेजारी ठेवले तर प्रत्येकाचा कडेचा टवका त्याच जागी. हाताने ठोकलेल्या दोन जुन्या नाण्यांवर ठसा कधीच हुबेहूब तसाच बसत नाही. साच्यातून निघालेल्यांवर हमखास बसतो. मुलाम्याचा हिशेब वर्गात करून घ्यावा. दोन सेंटिमीटर व्यासाच्या नाण्याच्या दोन्ही बाजूंचे क्षेत्रफळ ६.३ चौरस सेंटिमीटर. थर अर्धा मायक्रॉन धरला तर सोने भरते सहा मिलिग्रॅम. एक ग्रॅम गोळा करायला दीडशेहून अधिक होन खरवडावे लागतील!

किमतीचे गणित वेगवेगळे. प्रतिकृतीची किंमत आठवणीपुरती. पुतळीची किंमत सोन्याच्या वजनाइतकी, आणि घडण जुनी असेल तर थोडी अधिक. अस्सल डुकाट किंवा होन असता तर संग्राहक आणि संग्रहालयांचे मत आधी घ्यावे लागले असते. शंभर वर्षांहून जुने नाणे १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरते, ते परदेशी नेता येत नाही. जमिनीत सापडले तर १८७८ च्या कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. कोणत्याही जुन्या नाण्याला चिंच किंवा पावडर लावू नये, हे सांगूनही लोक लावतातच.

पुतळी हॉलमार्किंग केंद्रात क्ष-किरणांनी तपासून घेतली आणि सोन्याच्या भावाने गेली. फी भरली. ती वितळली असणार याची मला हळहळ आहे. विकण्याआधी बाईंनी पट्टी शेजारी ठेवून दोन्ही बाजूंचे फोटो घेतले, वजनही लिहून ठेवले. होन मुलाने शाळेच्या प्रयोगशाळेला देऊन टाकला. यंदाच्या मुलांनी त्याची घनता ८.४ काढली आहे.