बाँबे रक्तगट

बाँबे रक्तगट हा मानवातील एक अतिदुर्मिळ रक्तगट आहे. या गटाच्या व्यक्तीच्या तांबड्या पेशींवर ए आणि बी हे प्रतिजन नसतातच. शिवाय ओ गटासह जवळजवळ सर्व माणसांत असणारा एच हा मूळ प्रतिजनही नसतो. नेहमीच्या चाचणीत असे रक्त ओ गटाचे भासते. परंतु अशा व्यक्तीस ओ गटाचे रक्त दिल्यास ते जिवावर बेतू शकते. १९५२ साली मुंबईत (तत्कालीन बाँबे) तो प्रथम ओळखला गेला, म्हणून त्यास हे नाव मिळाले. शहराचे अधिकृत नाव १९९५ साली बदलले. वैद्यकीय वाङ्मयात मात्र रक्तगटाचे जुने नाव कायम राहिले. तज्ज्ञ मंडळी तो ओ या अक्षराच्या पायथ्याशी लहान एच लिहून दर्शवितात. रुग्णाच्या कागदांवर घाईत तो लहान एच गळून पडला, तर उरतो केवळ ओ, आणि धोका नेमका तेथेच असतो.

शोध

कार्ल लांडश्टायनर या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने १९०१ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनातून ए, बी आणि ओ हे गट जगापुढे आले. (ओ गटास त्याने प्रथम सी म्हटले होते.) या शोधाबद्दल त्यास १९३० चे नोबेल पारितोषिक मिळाले. रक्तगट आईवडिलांकडून मुलांत उतरतो हे फॉन डुंगेर्न व हिर्शफेल्ड यांनी १९१० च्या सुमारास दाखविले आणि त्यामागे एकाच जनुकाची तीन वैकल्पिक रूपे असावीत हे फेलिक्स बेर्नश्टाइन या जर्मन गणितज्ञाने १९२४ साली सिद्ध केले. प्रश्न सुटला, असे त्यापुढील पाव शतक सर्वांना वाटत होते.

मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांचे सहकारी यांच्यासमोर आलेल्या रुग्णांनी हा समज मोडला. त्यांपैकी एक रेल्वे अपघातात जखमी झालेला होता आणि एकास भोसकल्याची जखम होती. त्यांना रक्त देणे निकडीचे होते. परंतु ए, बी, एबी आणि ओ यांपैकी कोणत्याही गटाचे रक्त जुळेना. ज्या ओ गटाच्या पेशींना कोणत्याही माणसाच्या रक्तरसाने त्रास देऊ नये अशी अपेक्षा होती, त्यांच्याही गुठळ्या होत होत्या. अशा तीन व्यक्तींचे रक्त परस्परांशी मात्र बिनतक्रार जुळत होते. यावरून, हा प्रयोगातील दोष नसून एक स्वतंत्र गुणधर्म आहे असे अनुमान निघाले. नमुने लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमधील संशोधकांनीही तपासले आणि भेंडे, देशपांडे, भाटिया, रूथ सँगर, रेस, मॉर्गन व विनिफ्रेड वॉटकिन्स अशा सात जणांच्या नावाने ‘द लॅन्सेट’ या नियतकालिकात १९५२ साली टिपण प्रसिद्ध झाले. रुग्णाच्या खाटेजवळ उभे राहिलेल्या अडचणीतून आनुवंशिकीतील एक मूलभूत गोष्ट उलगडावी, याचे इतके स्वच्छ उदाहरण विरळाच.

यातील भाटिया पुढे मुंबईच्या ब्लड ग्रुप रेफरन्स सेंटरशी निगडित राहिले. १९५७ मध्ये सुरू झालेल्या या केंद्रातूनच आजची राष्ट्रीय प्रतिरक्षारक्तविज्ञान संस्था वाढली असून परळच्या के. ई. एम. रुग्णालयाच्या आवारात ती काम करते.

एच प्रतिजन आणि त्यावरील रचना

ए आणि बी हे प्रतिजन म्हणजे प्रथिने नव्हेत, तर पेशीच्या आवरणावर उभ्या असलेल्या शर्करांच्या लहान साखळ्या होत. हे लक्षात घेतल्यावाचून बाँबे गट समजत नाही. साखळीच्या टोकास गॅलॅक्टोज ही शर्करा असते. तिच्यावर फ्यूकोज नावाची दुसरी शर्करा जोडली गेली की एच प्रतिजन तयार होतो. हे जोडकाम करणारे एंझाइम एच जनुकाच्या आदेशानुसार बनते. ज्यांच्यात ए जनुक आहे त्यांचे एंझाइम या एच वर ॲसिटिल गॅलॅक्टोसामीन ही शर्करा चढविते आणि ए प्रतिजन होतो. बी जनुकाचे एंझाइम त्याच जागी गॅलॅक्टोज चढविते आणि बी प्रतिजन होतो. ओ जनुकाचे एंझाइम निष्क्रिय असल्याने एच तसाच राहतो. म्हणजे ओ गट हा ‘काहीच नसलेला’ गट नव्हे. उलट उघडा एच प्रतिजन सर्वांत अधिक त्याच्याच पेशींवर असतो. पाठ्यपुस्तकांतील ‘ओ म्हणजे शून्य’ हे स्पष्टीकरण आरंभासाठी ठीक, पण पुढे ते अडचणीचे ठरते.

एच जनुकाच्या दोन्ही प्रती निकामी असतील, तर फ्यूकोज जोडला जात नाही. मग ए किंवा बी जनुकाचे एंझाइम धडधाकट असूनही त्यास काम करावयास जागाच उरत नाही. जोत्यावाचून भिंत उभी राहत नाही, तसा हा प्रकार आहे.

शरीराची प्रतिरक्षा यंत्रणा आपल्यात नसलेल्या प्रतिजनांविरुद्ध प्रतिद्रव्ये बनविते. ए-सारख्या व बी-सारख्या शर्करा निसर्गात, विशेषतः आतड्यातील सूक्ष्मजंतूंवर, असतातच. त्यामुळे पूर्वी कधी रक्त घेतले नसले तरी ही प्रतिद्रव्ये बालपणीच तयार होतात. बाँबे गटाच्या व्यक्तीच्या रक्तरसात ए-विरोधी, बी-विरोधी आणि एच-विरोधी अशी तिन्ही असतात. यातील एच-विरोधी प्रतिद्रव्य शरीराच्या तापमानालाही जोमाने कार्य करते व ओ गटाच्या पेशी शिरेत शिरताच त्या फोडून टाकते. मूत्रपिंडे निकामी होणे, रक्तदाब कोसळणे आणि मृत्यू, हे त्याचे परिणाम असू शकतात.

आनुवंशिकता

मेंडेलने वाटाण्याच्या रोपांचा संकर हवा तसा घडविला. माणसाच्या बाबतीत ते शक्य नाही आणि उचितही नाही. म्हणून मानवी आनुवंशिकीचा अभ्यास बव्हंशी कुटुंबांच्या वंशावळींवर उभा आहे: कोणाचा कोणता गट, कोणाचा विवाह कोणाशी, मुलांत काय उतरले. बाँबे गटाचा उलगडाही असाच झाला.

एच जनुकाचे कार्यक्षम रूप प्रभावी (एच) आणि निकामी रूप अप्रभावी आहे. निकामी रूपास येथे सोयीसाठी ‘लघु एच’ म्हणू. एक कार्यक्षम प्रत असली तरी पुरेसा प्रतिजन बनतो. असा मनुष्य वाहक असतो, पण त्याचा रक्तगट इतरांसारखाच दिसतो. दोन्ही वाहक असलेल्या जोडप्याच्या प्रत्येक अपत्यास बाँबे गट मिळण्याची शक्यता चारांत एक असते. एच जनुक १९ व्या गुणसूत्रावर, तर ए-बी-ओ जनुक ९ व्या गुणसूत्रावर आहे. म्हणून दोन्हींचे वाटप एकमेकांपासून स्वतंत्र होते.

विद्यार्थ्यांनी एक उदाहरण कागदावर मांडून पाहावे. पती आणि पत्नी दोघेही एबी गटाचे आणि दोघेही लघु एच चे वाहक आहेत. केवळ ए-बी-ओ पाहिल्यास मुले ए, एबी, बी या गटांत १ : २ : १ या प्रमाणात अपेक्षित असतात. त्यांपैकी तीन चतुर्थांशांतच एच प्रतिजन असेल. म्हणून सोळा भागांत ए ३, एबी ६, बी ३ आणि उरलेले ४ बाँबे असे प्रमाण येते. या चार भागांतील मुलांच्या जनुकांत ए किंवा बी लपलेला आहेच. तो फक्त दिसत नाही. एका जनुकाने दुसऱ्या, वेगळ्या स्थानी असलेल्या जनुकाचा आविष्कार झाकून टाकण्याच्या या प्रकारास एपिस्टॅसिस म्हणतात. लॅब्रॅडोर जातीच्या कुत्र्यांत काळ्या व तपकिरी रंगाचे जनुक असतानाही दुसऱ्या एका जनुकामुळे पिल्ले पिवळी निपजतात, तेही याच तत्त्वाने. प्रभावी रूप अप्रभावी रूपास झाकते ती गोष्ट निराळी. ती एकाच जनुकाच्या दोन प्रतींमधील आहे. परीक्षेत या दोहोंची गल्लत हमखास होते.

लपलेला जनुक पुढील पिढीत पुन्हा प्रकट होतो आणि तेथे कौटुंबिक व कायदेशीर प्रश्न उभे राहतात. १९५५ साली अमेरिकेत फिलिप लेव्हाइन व सहकाऱ्यांनी एका कुटुंबाचा अभ्यास प्रसिद्ध केला. ओ गटाची म्हणून नोंदलेल्या स्त्रीचा पती ए गटाचा होता आणि मुलगी एबी. रूढ नियमांनुसार ओ गटाच्या मातेस एबी गटाचे अपत्य होणे जवळजवळ अशक्यच. त्या स्त्रीत बी जनुक होता, परंतु एच नसल्याने तो झाकला गेला होता. पतीकडून मुलीस कार्यक्षम एच मिळताच बी प्रकट झाला. वॉटकिन्स व मॉर्गन यांनीही त्याच वर्षी एच आणि ए-बी-ओ यांचा परस्परसंबंध विशद केला. केवळ रक्तगटाच्या कागदावरून मातृत्व किंवा पितृत्व नाकारणे किती घातक ठरू शकते, याची साक्ष म्हणून ही वंशावळ आजही शिकविली जाते. आता अशा वादांत डी. एन. ए. चाचणीच ग्राह्य धरणे योग्य.

रेणूंच्या पातळीवर

एच जनुकाचा, म्हणजेच एफयूटी१ चा, क्रम १९९० साली उलगडला. भारतीय बाँबे गटात या जनुकातील ७२५ व्या स्थानी टी च्या जागी जी आलेला असतो. त्यामुळे एंझाइमातील २४२ वे ॲमिनो अम्ल ल्यूसीनऐवजी आर्जिनीन होते आणि एंझाइम निरुपयोगी ठरते. त्याच गुणसूत्रावर शेजारीच एफयूटी२ हा जनुक आहे. लाळ व इतर स्रावांतील एच त्याच्यामुळे बनतो. भारतीय बाँबे व्यक्तींत हा शेजारी जनुकही गळालेला असतो, असे १९९७ मध्ये दाखविण्यात आले. म्हणून त्यांच्या लाळेतही एच सापडत नाही. दोन्ही बिघाड शेजारी असल्याने ते एकत्रच वारशाने उतरतात. जेथे एफयूटी१ निकामी पण एफयूटी२ शाबूत असतो, त्या प्रकारास पॅरा-बाँबे म्हणतात. पूर्व आशियात तो अधिक आढळतो.

एच नसल्याने प्रकृतीवर काही अनिष्ट परिणाम होत असल्याचे दिसून येत नाही. बाँबे गट हा रोग नव्हे, ही गोष्ट मुद्दाम नोंदविण्याजोगी आहे.

प्रसार

भारतात सुमारे १०,००० व्यक्तींत एक असे याचे प्रमाण सामान्यतः सांगितले जाते. मुंबईतील पाहणीत ते ७,६०० त एक असे आढळले होते. युरोपात ते सुमारे दहा लाखांत एक इतके कमी आहे. महाराष्ट्र व लगतचा कर्नाटक या भागांत नोंदी अधिक आहेत. हिंदी महासागरातील रेयुनियों या फ्रेंच बेटावरही तो आढळतो. तेथे त्याची दोन भिन्न मुळे आहेत, एक एकोणिसाव्या शतकात मजुरीसाठी नेलेल्या भारतीयांकडून आलेले आणि दुसरे युरोपीय वसाहतकारांकडून.

नात्यातील विवाहांचा संबंध येथे टाळता येत नाही. प्रमाण १०,००० त एक धरले, तर लघु एच जनुकाची वारंवारता १०० त एक आणि वाहकांचे प्रमाण सुमारे ५० त एक येते. परक्या कुटुंबांतील दोन वाहक एकत्र येण्याचा योग त्यामुळे क्वचितच येतो. मामेबहीण-आतेभाऊ यांच्या विवाहात मात्र दोघांना एकाच आजोबाआजीकडून तेच रूप मिळण्याचा संभव असतो व अपत्यात बाँबे गट येण्याची शक्यता गणिताने सुमारे १,४०० त एक, म्हणजे सातपट होते. महाराष्ट्राच्या अनेक समाजांत मामाच्या मुलीशी विवाह रूढ आहे आणि दक्षिणेकडे मामा-भाचीचाही. बाँबे गटाच्या नोंदींत नात्यात विवाह केलेले मातापिता वारंवार भेटतात ते यामुळेच. अशा घरात एक व्यक्ती बाँबे गटाची निघाली, तर तिच्या सख्ख्या भावंडांची तपासणी अगत्याने करावी. जुळणारा दाता बहुधा तेथेच सापडतो.

निदान आणि रक्तपुरवठा

काचपट्टीवर ए-विरोधी व बी-विरोधी द्रव टाकून केलेली घाईची चाचणी बाँबे गट ओळखू शकत नाही. तीत उत्तर ओ असेच येते. त्यासाठी उलट चाचणी करावी लागते, म्हणजे व्यक्तीचा रक्तरस ज्ञात गटांच्या पेशींशी मिसळून पाहणे, आणि त्या पेशींत ओ गटाच्या पेशी असाव्याच लागतात. त्यांच्या गुठळ्या झाल्या की संशय घ्यावा. खात्रीसाठी युलेक्स युरोपियस या पिवळ्या फुलांच्या काटेरी युरोपीय झुडपाच्या बियांपासून काढलेले लेक्टिन वापरतात. ते एच प्रतिजनास चिकटते. ओ गटाच्या पेशी त्याने गोळा होतात, बाँबे गटाच्या होत नाहीत. रक्त देण्यापूर्वी दात्याच्या पेशी व रुग्णाचा रक्तरस यांची जुळणी पाहण्याचा नियम काटेकोरपणे पाळला, तर आधीची चूक येथे तरी पकडली जाते.

बाँबे गटाच्या व्यक्तीस तांबड्या पेशी फक्त बाँबे गटाच्याच चालतात. आर-एच घटक यापासून स्वतंत्र असल्याने तोही जुळावा लागतो. तिच्या पेशी मात्र, आर-एच जुळत असल्यास, कोणत्याही गटाच्या रुग्णास तत्त्वतः देता येतात. पण इतके दुर्मिळ रक्त तसे खर्ची घालू नये, आणि तिचा रक्तद्रव तर त्यातील प्रतिद्रव्यांमुळे इतरांना अपायकारकच.

साध्या शीतपेटीत रक्तपेशी ३५ ते ४२ दिवस टिकतात. म्हणून या गटाचे रक्त पेढीत साठवून ठेवण्यापेक्षा दात्यांची यादी ठेवून गरजेच्या वेळी त्यांना बोलाविणे अधिक सोयीचे पडते. भारतात अनेक स्वयंसेवक अशा याद्या सांभाळतात. ग्लिसरॉल मिसळून उणे ६५ अंश सेल्सिअसहून कमी तापमानात गोठविलेल्या पेशी दहा वर्षांपर्यंत वापरता येतात, पण त्यासाठी लागणारी सामग्री मोजक्याच केंद्रांत असते. नियोजित शस्त्रक्रियेपूर्वी स्वतःचेच रक्त काढून ठेवणे हा आणखी एक मार्ग. गर्भवती स्त्रियांच्या बाबतीत प्रसूतीच्या पुष्कळ आधी गट निश्चित करून एक-दोन दाते ठरवून ठेवणे आवश्यक असते, कारण प्रसूतीतील रक्तस्राव दात्याच्या प्रवासाची वाट पाहत नाही.