रस्ता अपघातातील जखमी आणि त्यांची भरपाई : भारतीय कायद्याचा इतिहास (१८५५ ते २०२२)

प्रस्तावना

वाहतूक अभियांत्रिकीच्या तासाला आम्ही ब्रेक लावल्यापासून गाडी थांबेपर्यंतचे अंतर शिकवतो, वळणाची त्रिज्या शिकवतो, अपघातप्रवण जागा कशी ओळखायची ते शिकवतो. अपघात होऊन गेल्यावर जखमी माणसाचे पुढे काय होते, हे मात्र अभ्यासक्रमात नाही. एका विद्यार्थ्याने विचारले होते, "सर, एखाद्याचा हात गेला तर त्याची भरपाई ठरवतात कशी?" त्या प्रश्नासाठी हे टिपण.

जखमी माणसापुढे चार अडथळे होते : दाद कुठे मागायची, पैसे कोण देणार, चूक कुणाची हे कसे सिद्ध करायचे आणि नुकसान कसे मोजायचे. हे चार अडथळे एकेक करून कसे कमी झाले, तोच या विषयाचा इतिहास आहे. शेवटचा अडथळा सर्वांत अवघड होता.

१. सुरुवात : मृत्यूची भरपाईच नव्हती

इंग्लंडमध्ये १८०८ साली एक घोडागाडी उलटली. एका प्रवाशाची पत्नी जखमी झाली आणि महिनाभराने वारली. न्यायालयाने पतीला तिच्या मृत्यूपर्यंतच्या काळापुरतीच भरपाई दिली. माणसाच्या मृत्यूबद्दल दिवाणी दावा करता येत नाही, असा तेव्हाचा नियम होता. म्हणजे जखमी करणाऱ्याला भरपाई द्यावी लागे, पण जखमी दगावला तर तो सुटे.

ही विसंगती इंग्लंडमध्ये १८४६ च्या कायद्याने दूर झाली. त्याच धर्तीवर भारतात १८५५ चा प्राणघातक अपघात कायदा आला. बोरीबंदर ते ठाणे आगगाडी धावून तेव्हा दोनच वर्षे झाली होती. या कायद्याने मृताच्या पती किंवा पत्नीला, आईवडिलांना आणि मुलांना दाव्याचा हक्क दिला. जो जखमी वाचला, त्याच्यासाठी मात्र नेहमीच्या दिवाणी कोर्टाचीच वाट राहिली.

२. पैसे कोण देणार आणि दाद कुठे मागायची

१९३९ च्या मोटार वाहन कायद्यात त्रयस्थ पक्षाचा, म्हणजे आपण ज्याला थर्ड पार्टी म्हणतो तो, विमा सक्तीचा करण्याची तरतूद होती. ती प्रत्यक्षात लागू झाली १ जुलै १९४६ पासून. त्याआधी निकाल जखमीच्या बाजूने लागला तरी गाडीमालक कफल्लक असेल तर तो निकाल कागदावरच राही. आता मालकाच्या मागे विमा कंपनी उभी राहिली.

दिवाणी कोर्टातला वेळ आणि खर्च हा प्रश्न उरला होताच. १९५६ च्या दुरुस्तीने राज्यांना मोटार अपघात दावा न्यायाधिकरणे स्थापन करण्याचा अधिकार मिळाला. कार्यपद्धती सोपी झाली, पण गरिबाची अडचण लगेच संपली नाही. हरियाणात राज्य परिवहनच्या बसखाली घरचा कमावता माणूस गेला, तेव्हा त्याची विधवा आणि मुलगी यांना कोर्ट फी माफ होऊ नये म्हणून राज्य सरकार सुप्रीम कोर्टापर्यंत गेले. १९७९ मध्ये न्यायमूर्ती व्ही. आर. कृष्ण अय्यर यांनी सरकारला कडक शब्दांत सुनावले आणि निर्धनांना मिळणारी फीमाफी न्यायाधिकरणातही लागू आहे असे ठरवले.

३. चूक कुणाची?

विमा होता, न्यायाधिकरण होते, तरी चालकाचा निष्काळजीपणा सिद्ध करावाच लागे. बेशुद्धावस्थेत इस्पितळात पोहोचलेल्या माणसाने साक्षीदार कुठून आणायचे? १९७७ मध्ये सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केले की विमा सक्तीचा झाला म्हणून निष्काळजीपणा सिद्ध करण्याची अट सुटत नाही. ती सोडवायची असेल तर कायदाच बदलायला हवा होता.

तो १९८२ मध्ये बदलला. चूक सिद्ध न करता मृत्यूसाठी १५,००० रुपये आणि कायमच्या अपंगत्वासाठी ७,५०० रुपये मिळू लागले. धडक देऊन पळालेल्या, न सापडलेल्या वाहनाबाबत हे आकडे अनुक्रमे ५,००० आणि गंभीर दुखापतीसाठी १,००० रुपये होते. रकमा तुटपुंज्या होत्या, पण तत्त्व नवे होते : रस्त्यावरची जोखीम एकट्या जखमीने का सोसायची?

१९८८ चा नवा कायदा १ जुलै १९८९ पासून लागू झाला. त्यात १९९४ मध्ये एक तयार तक्ता जोडला गेला : वय आणि उत्पन्न पाहा, रक्कम काढा. १९९६ मध्ये सुप्रीम कोर्टाने या तक्त्यात हिशेबाच्या चुका असल्याचे दाखवून दिले. त्यात गंभीर दुखापतीच्या वेदनांसाठी ५,००० आणि औषधोपचारासाठी जास्तीत जास्त १५,००० रुपये धरले होते. महागाई पाहून आकडे बदलण्याचा अधिकार केंद्र सरकारला होता, तरी २०१८ पर्यंत ते तसेच राहिले.

४. नुकसान मोजायचे कसे?

येथे कामगार कायद्याकडे वळावे लागते. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याला अवयवांचे एक परिशिष्ट होते. पुढे त्यात अंगठा गमावल्यास कमाईक्षमतेत ३० टक्के घट धरली जाई. तक्त्याने काम सोपे होते, पण कोणत्या कामाचा माणूस, हे तक्ता विचारत नाही.

हा प्रश्न ओरिसातल्या एका सुताराच्या दाव्यात पुढे आला. चित्रपटगृहात नक्षीकाम करताना तो पडला आणि त्याचा डावा हात कोपराच्या वर कापावा लागला. मालकाचे म्हणणे, हे अंशतः अपंगत्व आहे. १९७६ मध्ये सुप्रीम कोर्टाने ते फेटाळले. सुतारकाम एका हाताने होत नाही, म्हणून त्याचे नुकसान पूर्ण, १०० टक्के.

रस्ता अपघातांबाबत हाच विचार २०१० च्या एका निकालात सविस्तर आला. कोर्टाने तीन टक्केवाऱ्या वेगळ्या केल्या : अवयवाचे अपंगत्व, संपूर्ण शरीराचे अपंगत्व आणि कमाईक्षमतेतली घट. डावा हात गेल्यास शारीरिक अपंगत्व सुमारे ६० टक्के धरले जाईल. चालक किंवा सुतार असेल तर कमाईचे नुकसान जवळजवळ १०० टक्के. सरकारी कारकून असेल तर कदाचित त्याची नोकरीही जाणार नाही.

आता हिशेब. १९९४ मध्ये केरळ राज्य परिवहन महामंडळाच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने गुणक पद्धत योग्य ठरवली. २००९ मध्ये दिल्ली परिवहन महामंडळाच्या खटल्यात वयानुसार गुणक निश्चित झाले. २६ ते ३० वयाला १७, ४१ ते ४५ ला १४. पुढे कमाईची तीस-पस्तीस वर्षे असताना गुणक १७ च का? कारण रक्कम एकदम मिळते आणि तिच्यावर व्याज येते. अभियांत्रिकी अर्थशास्त्रातले वर्तमान मूल्य ते हेच. २०१७ मध्ये घटनापीठाने भविष्यातल्या उत्पन्नवाढीची टक्केवारीही ठरवून दिली. ४० च्या आतल्या स्वयंरोजगारितासाठी ती ४० टक्के आहे.

उदाहरण (काल्पनिक) : २८ वर्षांचा सुतार, महिना १५,००० रुपये.
वार्षिक उत्पन्न : १,८०,०००
४० टक्के वाढ धरून : २,५२,०००
गुणक १७ ने : ४२,८४,०००
घट ६० टक्के धरल्यास : २५,७०,४००
घट १०० टक्के धरल्यास : ४२,८४,०००

फरक १७,१३,६०० रुपयांचा. अपघात तोच, हातही तोच. फक्त टक्का कशाचा धरला यावर हा फरक पडतो. उपचार, वेदना आणि मदतनीसाचा खर्च यांची भरपाई याशिवाय वेगळी ठरते.

५. आजची स्थिती

२०१९ ची दुरुस्ती भरपाईबाबत १ एप्रिल २०२२ पासून लागू झाली. चूक सिद्ध न करता मृत्यूसाठी ५ लाख, गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख. पळून गेलेल्या वाहनाबाबत २ लाख आणि ५०,०००. मात्र ही ठरावीक रक्कम स्वीकारली की न्यायाधिकरणातला दावा संपतो. वरच्या उदाहरणातल्या सुताराने घाईत अडीच लाख घेतले तर काय गमावले, हे आपण आत्ताच पाहिले. शिवाय १९९४ मध्ये उठवलेली दाव्याची मुदत परत आली : अपघातापासून सहा महिने.

समारोप

चारही अडथळे कमी झाले, पण चौथा प्रत्येक दाव्यात नव्याने पार करावा लागतो. २०१० च्या निकालानेच बजावले आहे की अपंगत्वाचा दाखला जसाच्या तसा स्वीकारू नये. डॉक्टरांची साक्ष घ्यावी आणि जखमी माणूस आधी काय करत होता, आता काय करू शकतो, हे तपासावे. म्हणून इस्पितळाचे कागद जितके महत्त्वाचे, तितकाच कामाचा आणि कमाईचा पुरावा. रोजंदारीवरच्या माणसाकडे नेमका तोच नसतो.

स्वाध्याय

१. १९४६, १९५६ आणि १९८२ या तीन टप्प्यांनी कोणता अडथळा कमी केला ते प्रत्येकी दोन वाक्यांत लिहा.
२. वरील उदाहरणात वय ४२ धरून हिशेब करा. (गुणक १४, उत्पन्नवाढ २५ टक्के.)
३. घरकाम करणाऱ्या गृहिणीचा हात निकामी झाला, तर तिच्या कमाईक्षमतेतली घट तुम्ही कशी मोजाल? कारणे द्या.