पोटातली गुडगुड: केव्हा सोडून द्यायची, केव्हा डॉक्टर गाठायचा

पोटातून आवाज येणं हा स्वतः काही आजार नाही. जिवंत माणसाचं आतडं गप्प बसत नाही. डॉक्टरांनी स्टेथोस्कोप लावला तर निरोगी पोटातही मिनिटाला साधारण ५ ते ३० आवाज ऐकू येतात. तरी ‘सारखं गुडगुडतं, गॅस धरतो, जेवलं की पोट फुगतं’ ही तक्रार घरोघरी आहे, आणि त्यावर मेडिकलमधून आणलेली अ‍ॅसिडिटीची गोळी हा ठरलेला इलाज. बहुतेकांना त्या गोळीची गरज नसते. आणि ज्या थोड्यांना खरोखर आजार असतो, त्यांचे महिने या गोळीत वाया जातात. म्हणून हा विषय जरा सविस्तर घेत आहोत.

आवाज येतो कुठून? लहान आतडं सुमारे ६ मीटर लांब असतं. खाणं-पिणं, लाळ आणि पाचक रस धरून रोज ८-९ लिटर पातळ पदार्थ त्यातून पुढे सरकतो. सोबत हवा असतेच. नळाला पाणी यायच्या आधी पाईप जसा गुरगुरतो, तसाच हा प्रकार. पोट रिकामं असताना आवाज वाढतो, कारण तेव्हा आतड्याची साफसफाई चालते. साधारण दर दीड-दोन तासांनी जठरापासून एक जोरदार लाट निघते आणि उरलंसुरलं पुढे ढकलते. रोज्यात दुपारी, किंवा नमाजेच्या शांत सफेत नेमकं पोट बोलतं ते यामुळे. त्याला ‘अ‍ॅसिड वाढलं’ म्हणायचं कारण नाही, आणि शरमायचंही नाही.

जेवणानंतरची गुडगुड मात्र ताटात काय होतं ते पाहून ओळखता येते. पहिला संशय दुधावर घ्या. आपल्याकडे मोठेपणी दुधातली साखर नीट न पचणारे लोक खूप आहेत. ती साखर न पचता मोठ्या आतड्यात उतरते, तिथले जंतू तिचा गॅस करतात. ईदच्या दिवशी चार घरांचा शीरखुर्मा झाल्यावर संध्याकाळी पोट का वाजतं, याचं उत्तर इथे आहे. अशा माणसाला दही सहसा बाधत नाही. दोन आठवडे दूध, खीर, फालुदा बंद करून पाहा. फरक पडला तर कारण सापडलं. चहातलं चमचाभर दूध बहुतेकांना चालतं, त्यासाठी चहा सोडायची गरज नाही.

हरभरा, राजमा, वाटाणा रात्रभर भिजवून ते पाणी टाकून शिजवले तर त्रास कमी होतो. कांदा आणि गहू काहींना बाधतात. कोल्ड्रिंक, च्युइंगम, सिगारेट आणि भराभर जेवण यांनी पोटात हवा जाते. इफ्तारला दिवसभराच्या उपाशी पोटावर एकदम भजी, थंड सरबत आणि वर बिर्याणी पडली की आतडं आवाज करणारच. खजूर-पाणी, थोडी फळं, मग नमाजेनंतर जेवण हा जुना शिरस्ता पोटाच्या दृष्टीनेही बरा. शुगरचे पेशंट मेटफॉर्मिन घेत असतील तर त्या गोळीनेही पोट गुडगुडतं, पातळ होतं. ती जेवणासोबत घ्यावी, मनाने बंद करू नये. डॉक्टर प्रकार किंवा डोस बदलून देतात.

काहींना सगळं नीट खाऊनही त्रास असतो. महिनोन्‌महिने, आठवड्यातून एखादा दिवस तरी पोट दुखतं, शौचाला जाऊन आलं की दुखणं बदलतं, कधी बद्धकोष्ठ, कधी पातळ. परीक्षेच्या किंवा घरातल्या ताणाच्या दिवसांत जास्त. याला आयबीएस म्हणतात. आतडं आणि मेंदू यांचं नातं जवळचं आहे. ‘तुझ्या मनाचे खेळ आहेत’ असं म्हणून विशेषतः घरातल्या बाईला गप्प करणं चुकीचं, दुखणं खरंच असतं. मात्र त्याने आतडं सडत नाही, कॅन्सर होत नाही. बद्धकोष्ठ असेल तर इसबगोल भरपूर पाण्यासोबत उपयोगी पडतो. हा शब्द मूळ फारसी, अर्थ घोड्याचा कान. बीचा आकार तसा दिसतो म्हणून.

आता गोळ्यांबद्दल. सकाळी उपाशीपोटी घ्यायची ती कॅप्सूल छातीतली जळजळ आणि अल्सर यांवर उत्तम आहे. गुडगुडीवर ती काम करत नाही. डॉक्टरांना न विचारता वर्षानुवर्षे घेतली तर बी-१२ कमी होऊ शकतं, आतड्याचे संसर्ग वाढू शकतात. स्वतःच्या हाताने जादा इलाज करायची खोड नवी नाही. खुद्द इब्न सीना, ज्यांनी कुलंज म्हणजे पोटातल्या कळांवर रिसाला लिहिला, ते याच दुखण्याने बेजार झाले. लवकर बरं व्हायचं म्हणून त्यांनी एका दिवसात आठ वेळा एनिमा घेतल्याचं त्यांच्या शागिर्दाने लिहून ठेवलं आहे. त्याने आतड्याला जखमा झाल्या. १०३७ मध्ये हमदानला त्यांचा इंतकाल झाला.

सगळ्यात महत्त्वाची तक्रार वेगळीच आहे आणि ती लोक आपणहून सांगत नाहीत. जेवल्यानंतर काही वेळाने बेंबीभोवती कळ येते, पोटात गोळा उठून फिरल्यासारखं वाटतं, मग मोठ्याने गुडगुड होऊन तो सुटतो आणि बरं वाटतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. घरात म्हणतात, ‘गॅस आहे, ओवा खा.’ पण याचा अर्थ आतडं कुठेतरी अरुंद झालं आहे आणि अन्न जोर लावून पलीकडे ढकललं जातंय, असा असू शकतो. आपल्या देशात याचं एक मोठं कारण आतड्याचा टीबी. तो बहुधा उजव्या बाजूला खाली, लहान आतडं मोठ्याला मिळतं तिथे बसतो. सोबत संध्याकाळचा बारीक ताप, भूक मरणं, वजन उतरणं. खोकला नसतो, छातीचा एक्स-रे साफ असू शकतो, म्हणून टीबीचा विचारच कुणी करत नाही. क्रोन्स नावाचा आजार हुबेहूब असाच दिसतो. त्यामुळे अंदाजाने टीबीच्या गोळ्या सुरू करण्याआधी कोलोनोस्कोपी करून तुकडा तपासणं बरं. जुन्या ऑपरेशननंतर आतडी चिकटणं, हर्निया, गाठ हीही कारणं असतात. नुसत्या सोनोग्राफीत हे सगळं दिसेलच असं नाही.

मुलीच्या लग्नाचा विषय निघाला की हा आजार लपवला जातो. लपवण्यासारखं त्यात काही नाही. टीबी फक्त आतड्यात असेल तर तो एका ताटात जेवल्याने पसरत नाही. औषधं सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात, कोर्स सहसा ६ महिन्यांचा असतो, आणि खुराकासाठी सरकारकडून दरमहा १००० रुपये खात्यात येतात. उशीर झाला तर मात्र आतडं बंद पडून ऑपरेशनची पाळी येते.

वजन आपोआप उतरणं, शौचातून रक्त किंवा डांबरासारखं काळं शौच, रक्त कमी होणं, झोपेतून उठवणारे जुलाब, पन्नाशीनंतर नव्याने सुरू झालेला त्रास, घरात आतड्याचा कॅन्सर झालेला असणं: यांपैकी एकही असेल तर घरगुती इलाजात दिवस घालवू नका. पोट टरारून फुगलंय, उलट्या होतायत, गॅस किंवा शौच काहीच सुटत नाही, तर त्याच तासाला हॉस्पिटल. असं दुखणारं पोट अचानक अगदी शांत झालं तर ‘आराम पडला’ समजू नये. आतडं थकून थांबलं की आवाज बंद होतो, आणि ते गुडगुडीपेक्षा जास्त धोक्याचं आहे.

बाकीच्यांनी डॉक्टरांकडे जाण्याआधी दोन आठवडे वहीत लिहावं: काय खाल्लं, किती वेळाने आवाज आला, दुखलं का, शौच कसं झालं, वजन किती. आजवर घेतलेल्या गोळ्यांची रिकामी पाकिटं बरोबर न्यावीत, हकिमाची चूर्णंसुद्धा. आणि ‘गॅस आहे’ एवढंच न म्हणता गोळा फिरून सुटतो का, ते स्पष्ट सांगावं.