दास्यमुक्तीची नागपुरी परंपरा : जाईबाई चौधरी

महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली प्रसिद्ध केलेला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या तेथील लोकांना अर्पण केला. त्याच अमेरिकेत हॅरिएट टबमन ही स्त्री १८४९ साली मेरीलँड प्रांतातील दास्यातून निसटून फिलाडेल्फियास पोहोचली. मात्र स्वतःच्या सुटकेवर ती समाधान मानून राहिली नाही. सुमारे तेरा वेळा परत जाऊन तिने सुमारे ७० जणांना बाहेर काढले. १८५० च्या कायद्याने पळालेल्या गुलामास उत्तरेतूनही धरून नेता येई. म्हणून ही माणसे पुढे कॅनडापर्यंत न्यावी लागत. सुटलेल्या माणसाचे मागे राहिलेल्यांशी नाते काय, हा प्रश्न तिच्या चरित्रातून उभा राहतो. नागपूरच्या इतिहासातही या प्रश्नाचे एक उत्तर सापडते.

आपल्याकडील दास्यास साखळदंड नव्हते. ते रूढीने बांधलेले होते. मुंबई इलाख्यातील महार वतनदारास रात्रंदिवस गावकीची आणि सरकारी कामे करावी लागत. तो गैरहजर असल्यास घरच्या माणसास धरून नेले जाई. १८७४ च्या वतन कायद्यात बदल करणारे विधेयक पूज्य बाबासाहेबांनी १९२८ साली मांडले ते याच कारणास्तव. विदर्भात कायदा वेगळा होता, तरी शिवाशिव आणि हलकी कामे तीच होती.

या गावगाड्यातून बाहेर पडण्याची एक वाट नागपुरास येई. १ जानेवारी १८७७ रोजी येथे एम्प्रेस मिल सुरू झाली आणि खेड्यातील अनेक अस्पृश्य कुटुंबांना रोख मजुरी मिळू लागली. गांधीबागेच्या घाऊक कापडबाजारात आजही पाठीवरून कापडाचे गठ्ठे वाहिले जातात. या नगरीचे वैभव कापडाने आणि कष्टकऱ्यांच्या पाठीने उभे केले, याची खूण तेथे पाहावयास मिळते. परंतु मजुरी बदलली म्हणजे दास्य संपले, असे नव्हे.

जाईबाई चौधरी यांचे जीवन याची साक्ष देते. १८९२ साली उमरेड येथे जन्मलेल्या जाईबाई दुष्काळामुळे कुटुंबासह नागपुरास आल्या आणि नागपूर-कामठी मार्गावर डोक्यावरून ओझी वाहू लागल्या. ग्रेगरी नावाच्या मिशनरी बाईंनी त्यांना शिकण्यास साहाय्य केले व मिशनच्या शाळेत शिक्षिकेचे काम दिले. अस्पृश्य बाई आपल्या मुलांना शिकविते हे कळताच सवर्ण पालकांनी विरोध केला आणि ती नोकरी सुटली. डोक्यावरचे ओझे उतरले, तरी जातीचे उतरले नव्हते.

त्यांनी १९२२ साली संत चोखामेळा यांच्या नावाने मुलींची शाळा काढली. किसन फागूजी बनसोडे यांनी १९०७ साली याच नावाची कन्याशाळा काढून या कार्याचा पाया घातला होता. जाईबाई वस्तीत घरोघर जाऊन मुलींना शाळेत पाठविण्याचा आग्रह धरीत. त्यांच्या प्रेरणेने शिकलेल्या मुलींपैकी एक म्हणजे कौसल्या बैसंत्री. त्यांचे आईवडील एम्प्रेस मिलमध्ये कामगार होते. पुढे १९९९ साली बैसंत्री यांचे ‘दोहरा अभिशाप’ हे हिंदी आत्मकथन प्रसिद्ध झाले. ज्या घरांना अक्षर नाकारले गेले होते, त्याच घरातील मुलीने आपला इतिहास स्वतः लिहिला.

१९३७ साली नागपुरात भरलेल्या एका महिला परिषदेत जाईबाईंना जेवणासाठी वेगळे बसविण्यात आले. त्याच्या निषेधार्थ १ जानेवारी १९३८ रोजी अस्पृश्य स्त्रियांची सभा झाली. २० जुलै १९४२ रोजी सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली नागपुरातच अखिल भारतीय दलित महिला परिषद भरली. १४ ऑक्टोबर १९५६ ची धम्मदीक्षा याच नगरीत झाली, तेव्हा या भूमीची अशी मशागत दोन पिढ्या चालली होती.

टबमन यांना रात्रीच्या अंधारात माणसे न्यावी लागली. जाईबाईंनी दिवसाढवळ्या मुलींना शाळेत नेले. मार्ग भिन्न, आचरण एकच. जो सुटला त्याने मागे वळून आणखी एकाचा हात धरावा, ही जाईबाईंची शिकवण होय. आपल्या शिकलेल्या पिढीने ती आपल्या आचरणाशी ताडून पाहावी.