इंग्रजी संभाषणाचा विषय

परभाषा ग्रंथ वाचून समजू लागते. पण ती जिभेवर यावयाची तर बोलण्यास विषय आणि उलट बोलणारा मनुष्य, दोन्ही लागतात. मुंबईच्या एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमधील विद्यार्थ्यांस ही सोय १८४८ साली लाभली. प्राध्यापक पॅटन यांच्या प्रेरणेने तेथे स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी स्थापन झाली. सभासदाने इंग्रजीत निबंध वाचावा आणि इतरांनी त्यावर चर्चा करावी, असा तिचा क्रम होता.

हवापाण्याच्या गोष्टींनीही जीभ वळली असती. परंतु या तरुणांच्या चर्चेत त्यांच्या घरांस भिडणारे प्रश्न आले. बेहरामजी गांधी यांनी स्त्रीशिक्षणावर निबंध वाचला, तेव्हा नुसत्या शब्दांवर न थांबता काही करून दाखवावे, असे पॅटन यांनी सुचविले. १८४९ साली सभासदांनी मराठी व पारशी मुलींसाठी शाळा काढल्या. दादाभाई नौरोजींसारखे तरुण सकाळी, आपल्या नित्याच्या कामापूर्वी, तेथे विनावेतन शिकवीत. मुली मिळविण्यासाठी त्यांस घरोघर हिंडून आईबापांची मनधरणी करावी लागे. जगन्नाथ शंकरशेट यांनी मराठी शाळेस जागा दिली.

मुलींचे शिक्षण मात्र मराठी व गुजराती या त्यांच्याच भाषांतून चाले. इंग्रजीच्या सरावातून निघालेला विचार अशा रीतीने स्वभाषेत उतरला. सरावास विषय कोणता घ्यावा, या प्रश्नाचे उत्तर त्यांतच आहे: बोलून झाल्यावरही जो स्वस्थ बसू देत नाही, तो.